‘खंबीर राहा’ म्हणून जखम भरत नाही

21 जानेवारी 2021 रोजी आपल्या मांजरीत सीरम इन्स्टिट्यूटच्या बांधकाम सुरू असलेल्या इमारतीला आग लागली. पाच कामगार गेले. आग विझली, मदतीचे आकडे जाहीर झाले, बातम्या थांबल्या. पण असा प्रसंग जे डोळ्यांनी पाहतात, ज्यांच्या घरचा माणूस जातो, त्यांच्या मनाचे पुढे काय होते, हे आपल्याकडे कोणी विचारत नाही.

आपल्या वस्त्यांत असे घाव कमी नाहीत. साइटवरचा अपघात, ड्रेनेजमध्ये गुदमरलेला भाऊ, जातीवरून झालेली मारहाण, कोरोनात शेवटचे तोंडही न दिसलेली आई. महिने उलटले तरी झोप लागत नाही, जळका वास आला की छाती धडधडते, पोरांवर उगाच हात उगारला जातो. हा भेकडपणा नाही आणि वेडही नाही. मनाला झालेला आघात आहे. महिन्याहून जास्त दिवस असे चालले, तर उपचार घ्यावेत.

दोन मुले, पती, आई-वडील गमावून भान हरपलेल्या पटाचारेला तथागतांनी हाकलले नाही की गंडा बांधला नाही. जवळ बोलावून तिला भानावर आणले. पुढे तिनेच कित्येक दुःखी स्त्रियांना सावरले. म्हणून समुपदेशकाकडे जाणे आपल्या धम्माला परके नाही. परके आहे ते ‘बाहेरचं झालंय’ म्हणून बुवाच्या दारात बसणे.

तिथे काय होते, याची भीती असते. साधारण आठवड्याला एकदा, पाऊण ते एक तास बसायचे असते. पहिल्याच दिवशी सगळे सांगावे लागत नाही. आधी झोप, श्वास, धडधड आवरण्याचे उपाय शिकवतात. मन थोडे स्थिर झाले की तुमच्या संमतीने त्या आठवणीकडे हळूहळू वळतात. ‘मीच त्याला कामावर पाठवले’ असे मनात रुतलेले विचार तपासतात. मधल्या काळात एखाद्या भेटीनंतर जास्त रडू येईल, स्वप्ने पडतील. तेव्हा उपचार अर्ध्यात सोडू नका, समुपदेशकाला सांगा. काहींना दोन-तीन महिन्यांत उतार पडतो, लहानपणापासूनच्या घावांना जास्त वेळ लागतो. मानसोपचारतज्ज्ञांनी गोळ्या दिल्या तर मनाने बंद करू नयेत. तुमचे बोलणे गुप्त ठेवणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने हा हक्क दिला आहे. आणि समुपदेशकाने जातीचा अनुभव ‘मनावर घेऊ नका’ म्हणून उडवून लावला, तर खुशाल दुसरा शोधा.

घाव एकाला होतो, पण धग दोघांना लागते. नवरा गप्प होतो, बाटली जवळ करतो. बायकोला वाटते, मीच नकोशी झाले. अशा वेळी दोघांनी मिळून जावे. तिथे चूक कोणाची याचा निवाडा होत नाही. एकाने बोलायचे, दुसऱ्याने मध्ये न तोडता ऐकायचे, हे शिकवतात. मात्र घरात मारहाण होत असेल, तर जोडीने बसण्याआधी त्या बाईची सुरक्षितता. तिने वेगळे भेटावे. 181 ही महिलांसाठी हेल्पलाइन आहे.

आपल्यातले बरेच जण विपश्यनेला जातात. चांगलेच आहे. पण ताजा घाव असताना दहा दिवसांच्या मौनात आठवणी अंगावर येऊ शकतात. आधी डॉक्टरांना विचारा, आणि शिबिराच्या अर्जात काही लपवू नका.

पैशांची अडचण खरी आहे. रोजंदारी बुडवून कोण जाणार? म्हणून आधी 14416 हा टेली-मानसचा नंबर लावा. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येते. प्रत्यक्ष दाखवायचे तर ससूनमध्ये मानसोपचार विभाग आहे.

माझे म्हणणे एवढेच, की हे एकेका घरावर सोडू नये. प्रत्येक विहारात तो नंबर मोठ्या अक्षरांत लावावा. रविवारच्या वंदनेनंतर महिन्यातून एकदा या विषयावर बोलावे. महिला मंडळाच्या ताईंनी पहिल्या भेटीला सोबत जावे. पुण्यानुमोदनाला सारी वस्ती जमते. तीच वस्ती तीन महिन्यांनी दार वाजवून ‘झोप लागते का रे?’ असे विचारील, तेव्हा आपण करुणा आचरली असे म्हणता येईल.

जय भीम!