संगीतचर्चा : खर्जाची वाटी

शिरोळच्या एका गृहस्थांनीं विचारलें आहे, कीं त्यांचा पंधरा वर्षांचा पुतण्या शाळेच्या बँडांत ट्यूबा वाजवतो. मधले स्वर तो बरे काढतो, परंतु खालीं उतरतांच आवाज फाटतो किंवा मुळींच उमटत नाहीं. कोणी म्हणतात, मोठा माउथपीस घ्या. कोणी म्हणतात, मुलाच्या अंगीं हें वाद्यच नाहीं, तें सोडवा. घरांत दोन पक्ष पडले आहेत व मुलगा हिरमुसला आहे. एका मुलाच्या उमेदीचा प्रश्न असल्यामुळें त्याचा विचार थोडा विस्तारानें करणें योग्य होईल.

ट्यूबा हें पितळी वाद्यांच्या कुळांतील सर्वांत खालच्या आवाजाचें वाद्य. वयानें मात्र तें धाकटें. बर्लिन येथें १८३५ सालीं व्हीप्रेख्ट व मोरिट्झ या दोघांनीं त्याचें पेटंट घेतलें. बी-फ्लॅट ट्यूबाची नळी उलगडली, तर ती सुमारें १८ फूट भरते. अशा नळींत नुसता वारा फुंकून नाद होत नाहीं. आपल्याकडील शिंग किंवा तुतारी वाजवणारा ज्याप्रमाणें ओठ थरथरवतो, त्याचप्रमाणें येथेंहि करावें लागतें. कळ न दाबतां निघणारा नेहमींचा खालचा बी-फ्लॅट घेतला, तर ओठ सेकंदास सुमारें ५८ वेळां हलले पाहिजेत. त्याच्याहि एक सप्तक खालीं गेलें, तर अवघे २९ वेळां.

हें समजण्यास शिरोळकरांना दूर जावयास नको. कृष्णेपलीकडे मिरज आहे. तेथील सतार-तंबोऱ्यांना २०२४ सालीं भौगोलिक निर्देशांकहि मिळाला. तंबोऱ्याची खर्जाची तार जोडीच्या तारांहून जाड असते, व जाड असल्यामुळेंच ती सावकाश हलते. ओठांचेंहि तसेंच आहे. माउथपीसची वाटी रुंद असली, म्हणजे ओठाचा अधिक भाग मोकळेपणानें हलूं शकतो व खालचे स्वर भरदार येतात. मोठा माउथपीस घ्या, या सल्ल्यांत तथ्य आहे तें एवढ्यापुरतें.

आतां मापें पाहूं. ट्युबाच्या वाटीचा आंतला व्यास सामान्यतः ३० ते ३४ मिलिमीटर असतो. युफोनियमचा २५-२६ च्या आसपास. ३० किंवा ३१ लहान, ३२ मध्यम आणि ३३ च्या पुढें मोठा, असें ढोबळमानानें समजावें. परंतु व्यास हें एकच माप नव्हे. वाटी नरसाळ्यासारखी खोल व निमुळती असेल, तर नाद गडद व गोल होतो. ती भांड्यासारखी उथळ असेल, तर स्वराची सुरुवात स्पष्ट होते. वाटीच्या तळाचें भोंक मोठें असेल, तर आवाज मोठा होतो. पण वाराहि तितकाच खर्च होतो. कड फार धारदार असली, तर ओठ लवकर दुखतो. फार गुळगुळीत असली, तर स्वर नेमका सुटत नाहीं.

मोठ्या वाटीचा लाभ फुकट मिळत नाहीं. तिला श्वास अधिक लागतो, वरचे स्वर जड जातात व ओठ लवकर थकतात. वाढत्या वयाच्या मुलास एकदम ३४ ची वाटी दिली, तर खालीं दोन स्वर मिळतील आणि वर चार जातील. म्हणून प्रथम ३२ च्या आसपासची, बरीचशी खोल वाटी निवडावी. छाती व ओठ तयार झाल्यावर तिच्यापुढें जावें. दांडी वाद्याच्या तोंडांत नीट बसते कीं नाहीं, हेंहि पाहावें. ती डुगडुगली किंवा फार आंत गेली, तर उत्तम माउथपीसहि बेसूर वाजतो.

मात्र खरेदीपूर्वीं दोन गोष्टी तपासाव्या. पहिली वाद्याची. शाळांतील पुष्कळ ट्यूबांना तीनच कळा असतात. तिन्ही एकदम दाबल्या, कीं निघणारा खालचा स्वर जात्याच चढा असतो, व त्याच्याखालीं कांहीं स्वर सरळपणें मिळतच नाहींत. त्यासाठीं चौथी कळ लागते. एखाद्या कळेंतून किंवा सांध्यांतून वारा निसटत असेल, तरी पहिला घात खालच्या स्वरांचा होतो. हा दोष मुलाचा नव्हे.

दुसरी गोष्ट वाजवण्याच्या रीतीची. खालचा स्वर येईना, कीं मुलें वाटी ओठांवर दाबतात. तेणें ओठ हलण्याचाच थांबतो. जबडा थोडा खालीं सोडावा, दांतांत अंतर ठेवावें आणि वारा पुष्कळ पण संथ द्यावा. गवई पहाटे खर्ज भरतो, तसे रोज पंधरा मिनिटें लांब स्वर हळू आवाजांत धरावे.

नवी वाटी पहिल्याच दिवशीं आवडली किंवा नावडली, यावर भरंवसा ठेवूं नये. दोन-तीन आठवडे तीच वापरावी. खालचा स्वर हळू आवाजांत धरतां येतो काय, त्याचाच वरच्या सप्तकांतील स्वर सुरांत येतो काय, आणि अर्ध्या तासानंतरहि ओठ साथ देतात काय, हें पाहावें. तिन्हींस होकार मिळाला, तर माप योग्य.

घरांतील वडील मंडळींस शाळेच्या उष्ट्या माउथपीसची किळस वाटत असेल, तर ती रास्तच आहे. वाद्य शाळेचें असलें, तरी माउथपीस स्वतःचा असावा, व कोमट पाण्यानें साबण लावून वरचेवर धुवावा. मुलास हें वाद्य साधेल कीं नाहीं, याचा निवाडा वाद्य दुरुस्त करून, मध्यम माप देऊन आणि दोन महिने नियमानें खर्ज भरवून मगच करावा. तोंवर दोन्ही पक्षांनीं त्याला ओसरीवर निर्वेधपणें वाजवूं द्यावें, हेंच आमचें सांगणें आहे.