गोदामांतील यंत्रांची नोंद कोणाच्या हातीं असावी?

अलीकडे धान्याच्या गोदामांत लहान लहान विद्युत् यंत्रें बसविण्याची चाल पडत चालली आहे. हीं यंत्रें उष्णता, ओलावा व वायूंचें प्रमाण मोजितात आणि इंटरनेटच्या द्वारें गोदामपालाच्या मोबाइलवर कळवितात. त्यांस सेन्सर म्हणतात, व विक्रेते त्यांच्या जोरावर सबंध गोदामालाच ‘स्मार्ट’ हें विशेषण लावितात. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत मका, तूर, सोयाबीन सांठविणाऱ्या सोसायट्यांपुढें यांचीं दरपत्रकें आज ना उद्यां येतीलच. तेव्हां यंत्रें घ्यावींत कीं नाहीं, यापेक्षां तीं कोणत्या शर्तीवर घ्यावींत, याचा विचार आधीं झालेला बरा.

यंत्रें निरुपयोगी आहेत असें म्हणणारांपैकीं प्रस्तुत लेखक नव्हे. धान्यांतून उष्णता फार मंद गतीनें वाहते. त्यामुळें थप्पीच्या पोटांत कीड किंवा बुरशी लागून दाणा तापूं लागला, तरी बाहेरच्या पोत्यास हात लावणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाहीं. वास सुटेपर्यंत आंतलीं पोतीं गेलेलीं असतात. कीड व बुरशी श्वासोच्छ्वासाबरोबर कार्बन डाय-ऑक्साइड वायु सोडतात. बाहेरच्या हवेंत दहा लक्ष भागांत हा वायु सुमारें ४२० भाग असतो. थप्पींत तो दिवसेंदिवस चढत गेला, तर आंत कांहींतरी वाढतें आहे असें समजावें. आपल्या वाडवडिलांस हें तत्त्व अगदींच अपरिचित नव्हतें. पेव उघडल्यावर आंत माणूस उतरण्यापूर्वीं दिवा सोडून पाहत. दिवा विझला कीं उतरावयाचें नाहीं. मात्र तो दिवा पेवाच्या तोंडाशीं धरून भागत नसे, तळाशीं पोंचवावा लागे. सेन्सरचीहि गोष्ट तीच. भिंतीवर टांगलेलें यंत्र खोलीची हवा सांगतें, धान्याची नव्हे. तें थप्पीच्या गाभ्यांत बसविणार असाल तरच पैसे मोजावे.

विषारी धुरी देतांना तर याचा उपयोग निर्विवाद आहे. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून निघणारा फॉस्फीन वायु आच्छादनाखालीं पुरेसा टिकला कीं नाहीं, आणि पुढें गोदाम उघडल्यावर हमालानें आंत पाऊल टाकणें निर्धोक आहे कीं नाहीं, हें यंत्र सांगूं शकतें. एवढा एकच उपयोग असता तरी खर्च वाजवी ठरला असता. घरीं वीस-पंचवीस पोतीं ठेवणाऱ्यानें मात्र या भानगडींत पडूं नये; त्यास खळ्यावरचें ऊन, पोत्यांखालीं लांकडी फळ्या व दाण्यांतील ओलावा मोजण्याचें साधें यंत्र पुरेसें आहे.

आतां मुख्य मुद्दा. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून चालू आहे, व बाजार समितीच्या गोदामांत माल ठेवून त्याच्या किंमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज उचलणारे कित्येक वाचक असतील. २००७ च्या वखार (विकास व नियमन) कायद्यानें नोंदणीकृत वखारीच्या पावतीस हस्तांतरणीय दस्तऐवजाची योग्यता दिली, आणि २०१७ पासून ती पावती विद्युत्-नोंदीच्या रूपांतहि मिळूं लागली. याच कायद्याप्रमाणें, सावध व दक्ष मालक आपल्या मालाची जितकी काळजी घेईल तितकी वखारवाल्यानें न घेतल्यामुळें नुकसान झाल्यास तो जबाबदार धरला जातो. परंतु काळजी घेतली नाहीं हें सिद्ध कशानें करावयाचें? थप्पी अमुक तारखेपासून तापत होती आणि पंधरा दिवस कोणी तिकडे फिरकलें नाहीं, हें त्या यंत्राच्याच नोंदींत असतें. ती नोंद आज बहुधा गोदामपालापाशीं, नाहींतर यंत्र पुरविणाऱ्या कंपनीपाशीं राहते. ज्याचा माल, त्याच्या हातीं कांहीं नाहीं.

तुटीचा हिशेब पाहा. १०० क्विंटल मका १४ टक्के ओलाव्यानें आंत गेला व १२ टक्क्यांवर वाळला, तर वजन ९७ क्विंटल ७३ किलो भरतें. २ क्विंटल २७ किलोंची तूट निसर्गाची आहे. त्याबद्दल कोणाशीं भांडूं नये. पण तूट चार क्विंटल दाखविली, तर वरच्या पावणेदोन क्विंटलांचा जाब विचारण्यास जमा व उचल या दोन्ही वेळचा ओलावा ठेवीदारापाशीं लेखी असला पाहिजे. महसूल खात्यांत कागद सांभाळण्यांत ज्याची नोकरी गेली त्यास एवढें खचित कळतें कीं, नोंद काय आहे याइतकेंच ती कोणाच्या कपाटांत आहे यालाहि महत्त्व असतें.

शिवाय पोत्यांत काय आहे, हें उष्णता मोजणारें यंत्र सांगत नाहीं. इ. स. १२९६ च्या सुमारास अल्लाउद्दीन खिलजीनें देवगिरीस वेढा दिला, तेव्हां घाईंत किल्ल्यावर चढविलेल्या पोत्यांत धान्याऐवजीं मीठ निघालें, असें तवारीखकार फिरिश्ता यानें लिहिलें आहे. पोतें उघडून पाहणारा माणूस व खरा तराजू यांची जागा सेन्सर घेऊं शकत नाहीं. यंत्र आलें म्हणून गोदामाची फेरी बंद करणारा कारभारी तर नकोच.

ठेवीदार शेतकऱ्यास हे आंकडे समजणार नाहींत, अशी सबब पुढें येईल. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यांत ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सात-बारावरील पिकाची नोंद शेतकऱ्यानें स्वतःच्या मोबाइलवरून करावी असें ठरलें. जो पिकाची नोंद करूं शकतो, तो थप्पीची उष्णता वाचूं शकणार नाहीं, हें पटण्यासारखें नाहीं. थप्पी तापल्याची सूचना गोदामपालास जाईल त्याच क्षणीं ठेवीदारांसहि मराठींत जावी, नोंद मालाची उचल होऊन हिशेब मिटेपर्यंत पुसली जाऊं नये, आणि यंत्र पुरविणारी कंपनी बदलली तरी मागील नोंद सोसायटीच्या ताब्यांत राहावी, हीं तीन कलमें करारांत असलींच पाहिजेत. तीं लिहून मिळाल्याखेरीज व्यवस्थापक मंडळानें कोणत्याहि दरपत्रकावर सही करूं नये, असा ठराव येत्या वार्षिक सभेपुढें एखाद्या सभासदानें मांडावा. कोणी पुढें न आल्यास प्रस्तुत लेखक मांडील. अनुमोदक तेवढा हवा.