फॅक्टर आणि फॅक्टरी

इतिहासाचे इंग्रजी पुस्तक वाचून एका शाळकरी मुलाने आम्हांस विचारले, ‘१६१३ साली इंग्रजांनी सुरतेस फॅक्टरी घातली, तर तीत यंत्रे कोणती होती?’ प्रश्न भाबडा खरा. पण दोष मुलाचा नव्हे, शब्दाचा आहे.

त्या काळी ‘फॅक्टर’ म्हणजे धन्याच्या वतीने परमुलखात खरेदीविक्री करणारा गुमास्ता. लॅटिनमधील ‘करणे’ ह्या अर्थाच्या धातूपासून हे नाम झाले. फॅक्टर राहतात व माल साठवितात ती जागा फॅक्टरी. रेक्टर राहतात ती रेक्टरी, तसेच हे. (डिरेक्टरचे घर ते डिरेक्टरी, असे मात्र कोणी समजू नये!) पोर्तुगीजांचे फेइतोर व फेइतोरिआ हे शब्द तर इंग्रजांच्या आधीच ह्या किनाऱ्यावर उतरले होते.

तेव्हा सुरतेच्या त्या फॅक्टरीत कापड निपजत नव्हते. ते विणीत गुजरातचे विणकर, हातमागावर. इंग्रज ते विकत घेत, गठ्ठे बांधीत आणि सुवालीच्या बंदरात जहाजांवर चढवीत. एवढा एक शब्द चुकला की विणकराच्या हातचे श्रेय व्यापाऱ्याच्या पदरी पडते! आपल्या मराठीने येथे ‘वखार’ हा चोख शब्द ठेवला आहे. १६६४ साली शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले, तेव्हा जॉर्ज ऑक्झेंडनने लढवून राखली ती वखारच. यंत्रांची कापडगिरणी मुंबईस कावसजी दावर यांनी काढली, ती १८५४ सालची गोष्ट.

आता व्याकरण. गुमास्ता ह्या अर्थी ‘फॅक्टर’ आज क्वचितच आढळतो; स्कॉटलंडात जमीनदाराचा कारभारी अद्याप फॅक्टर म्हणवितो, इतकेच. एरवी त्याचा अर्थ कारण वा घटक, आणि गणितात अवयव: २ व ३ हे ६ चे फॅक्टर. तो क्रियापदही होतो. ‘टू फॅक्टर’ म्हणजे अवयव पाडणे. ‘फॅक्टरी’ हे मात्र केवळ नाम. दुसऱ्या नामापूर्वी येऊन ते विशेषणाचे काम करते, व तेव्हा बहुधा एकवचनीच राहते: ‘फॅक्टरी वर्कर्स’. १९४८ चा कायदा तेवढा ‘फॅक्टरीज अ‍ॅक्ट’ असा अनेकवचनी आहे.

कारखान्यात काम करणाऱ्याने म्हणून अर्जात ‘आय अ‍ॅम अ फॅक्टर’ असे लिहू नये. ‘आय वर्क इन अ फॅक्टरी’ असे लिहावे.