औषधदानातील अभयदान

जैन परंपरेने दानाचे चार प्रकार सांगितले आहेत : आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान. यांपैकी औषधदानात जैन समाज कधीच मागे राहिला नाही. दवाखाने, नेत्रशिबिरे, रक्तदान, गरजूंच्या शस्त्रक्रियेचा खर्च अशा कामांत व्यापारी घराण्यांचा हात सदैव सढळ राहिला. परंतु रुग्ण मूळ व्याधीतून सावरला आणि रुग्णालयातच जडलेल्या जंतुसंसर्गाने दगावला, तर त्या दानाचे फळ काय? त्याला औषध मिळाले, अभय मिळाले नाही.

ही शंका काल्पनिक नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार, अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत रुग्णालयात दाखल होणाऱ्या दर १०० रुग्णांपैकी सुमारे १५ जणांना तेथेच एखादा संसर्ग जडतो. श्रीमंत देशांत हे प्रमाण ७ आहे. अशा संसर्ग झालेल्या दर दहांपैकी सरासरी एक रुग्ण प्राणास मुकतो. हातांची स्वच्छता आणि इतर साधे उपाय काटेकोरपणे पाळले, तर यांतील ७० टक्क्यांपर्यंत संसर्ग टळू शकतात, असेही तोच अहवाल सांगतो.

थेरगावसारख्या ठिकाणी हा प्रश्न अगदी दाराशी आहे. येथे आदित्य बिर्ला मेमोरियल रुग्णालय आहे, महापालिकेचे रुग्णालय आहे, लहान शुश्रूषागृहेही आहेत. भोसरी-चाकणच्या कारखान्यात जखमी झालेला कामगार, नुकतीच प्रसूत झालेली माता आणि पेढीवरचे मधुमेही ज्येष्ठ एकाच छताखाली येतात. डॉक्टर दिवसातून एकदोनदा फेरी मारतात. चोवीस तास उशाशी असते ती परिचारिका. एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जाणारे तिचे हात स्वच्छ असतील तर ते जीवन देतात, नसतील तर नकळत रोग वाहून नेतात.

हे सत्य १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरांनी दाखवून दिले. शवविच्छेदन करून थेट प्रसूतीसाठी येणाऱ्या वैद्यांना त्यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्यास लावले आणि मातांचा मृत्युदर सुमारे १८ टक्क्यांवरून काही महिन्यांतच २ टक्क्यांच्या आसपास आला. समकालीनांनी मात्र त्यांचे म्हणणे मानले नाही. हात धुण्यासारखी सोपी गोष्ट पटायला तेव्हाही कठीण गेली, आजही घाईच्या वेळी तीच पहिली सुटते.

पुणे परिसराने तर संसर्गाची फार मोठी किंमत मोजली आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांना संसर्ग झाला आणि १० मार्च रोजी त्यांचे देहावसान झाले. प्लेग पिसवांमार्फत पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी दाखवून दिले ते पुढच्या वर्षी. त्याच प्लेगात रँडच्या सैनिकांनी घराघरांत, देवघरांत घुसून केलेल्या तपासण्यांनी लोकांचा संताप उसळला आणि थेरगावच्या शेजारच्या चिंचवडचे चापेकर बंधू इतिहासात गेले. यातून दोन गोष्टी दिसतात. सेवाभाव कितीही थोर असला तरी सेवकाचे रक्षण ज्ञानाविना होत नाही. आणि लोकांचा विश्वास नसेल तर रोगनियंत्रणाचा नियमही जुलूम वाटतो. एप्रिल २०२० मध्ये मुंबईतील एका खासगी रुग्णालयात २६ परिचारिका आणि ३ डॉक्टर करोनाबाधित आढळले आणि ते रुग्णालयच प्रतिबंधित क्षेत्र ठरले. परिचारिका सुरक्षित नसेल तर रुग्णही सुरक्षित नसतो.

जैन आचाराशी परिचित असलेल्या वाचकाला परिचर्येचे हे नियम परके वाटणार नाहीत. साधुसाध्वींच्या पाच समितींपैकी आदान-निक्षेपण समिती म्हणजे प्रत्येक वस्तू पाहून, प्रमार्जन करून उचलणे व ठेवणे. परिचारिका सलाइनची नळी जोडते, मूत्रनलिका हाताळते, तेव्हा तिच्याकडून हीच यतना अपेक्षित असते. हात स्वच्छ करण्याचे पाच प्रसंग ठरलेले आहेत : रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक कृतीपूर्वी, रक्त वा शरीरद्रवाशी संपर्काची शक्यता आल्यानंतर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि त्याच्या खाटेभोवतीच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. सॅनिटायझरने २० ते ३० सेकंद, साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद. हातमोजे घातले म्हणून हात धुणे टळत नाही.

परिष्ठापना समिती म्हणजे त्याज्य वस्तूचे जीवरक्षा सांभाळून विसर्जन. रक्त, पू, मलमूत्र यांत संमूर्च्छिम जीवांची उत्पत्ती होते, म्हणून ते साचू देऊ नये, ही आगमांची शिकवण. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी घालून दिलेली रंगांची शिस्त याच वाटेने जाते : रक्ताने माखलेला कापूस व पट्ट्या पिवळ्या पिशवीत, नळ्या व प्लास्टिक लाल पिशवीत, सुया पांढऱ्या न भेदणाऱ्या डब्यात, काच निळ्या खोक्यात. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावायचे नाही, कारण तेव्हाच ती बोटात शिरते. जंतू मारणे ही हिंसा नव्हे काय, असा प्रश्न काही श्रद्धाळू विचारतात. त्याचे उत्तर या समितीतच आहे : वेळीच राखलेली स्वच्छता पुढची मोठी हिंसा टाळते.

औषध देतानाचा नियम व्यापाऱ्याला सहज समजेल. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ आणि लगेच नोंद. इन्सुलिनसारखे जोखमीचे औषध दोन परिचारिकांनी पडताळावे, जशी मोठी रोकड दोघांनी मोजावी. आणि चूक झालीच तर? तिथे प्रतिक्रमणाची दृष्टी हवी. चूक लपवली तर ती पुन्हा होते; वेळीच सांगितली तर पुढचा रुग्ण वाचतो. जेथे चूक सांगणाऱ्या परिचारिकेला केवळ दंड होतो, तेथे चुका थांबत नाहीत, त्यांच्या नोंदी थांबतात.

या कामात कुटुंबांचाही वाटा आहे. भेटीला जाणे हा आपुलकीचा आचार खरा. पण दहा जणांनी एकदम जाणे, खाटेवर बसणे, सर्दी-खोकला असताना जाणे, लहान मुलांना नेणे यांतून रुग्णाला धोकाच पोहोचतो. "सिस्टर, हात स्वच्छ केलेत ना?" असे नम्रपणे विचारण्यात अपमान नाही. परिचारिका पुन्हापुन्हा नाव विचारते, मनगटावरची पट्टी पाहते, तेव्हा त्रासून जाऊ नये. आणखी एक गोष्ट जैन घरांनी विशेष ध्यानात ठेवावी. रुग्णाचा उपवास, एकासणे वा चोविहार असेल, तर ते परिचारिकेला आधीच सांगावे. ज्येष्ठांनी संध्याकाळचे अन्न न घेता गप्प राहावे आणि नेहमीचे इन्सुलिन टोचले जावे, यात रक्तातील साखर एकदम उतरून प्राणावर बेतू शकते. घरी वापरलेल्या इन्सुलिनच्या सुयाही कचऱ्यात मोकळ्या टाकू नयेत. त्या जाड, झाकणाच्या डब्यात साठवून दवाखान्यात विचारून द्याव्यात. घंटागाडीवरच्या कामगाराचा हातही अभयदानाचा अधिकारी आहे.

शेवटी दात्यांसाठी एक विचार. यंत्राला, खोलीला, इमारतीला देणगी दिली की नामफलक लागतो. प्रत्येक खाटेजवळच्या सॅनिटायझरला, कोपराने उघडणाऱ्या नळाला, परिचारिकांच्या प्रशिक्षणाला, त्यांच्या लसीकरणाला किंवा रात्रपाळीच्या एका जास्तीच्या परिचारिकेच्या वेतनाला फलक लागत नाही. एकटी परिचारिका वीस रुग्णांमागे धावत असेल, तर पाच प्रसंगांचे नियम भिंतीवरच राहतात. देणगी देण्यापूर्वी व्यवस्थापनाला दोन प्रश्न विचारावेत : रात्री एका परिचारिकेकडे किती रुग्ण असतात, आणि गेल्या महिन्यात किती रुग्णांना येथेच संसर्ग झाला? मालाचा साठा रोज ताडून पाहणाऱ्या समाजाने हा हिशेबही मागावा. आजाऱ्याची सेवा, म्हणजे वैयावृत्त्य, हे अंतरंग तप मानले आहे. ते तप करणाऱ्या हातांना बळ देणे, हे औषधदान आणि अभयदान दोन्ही आहे.