सज्ज्याला तेल पाजायचे दिवस

पनवेलच्या जुन्या वस्तीत अजूनही काही घरांच्या माडीला लाकडी सज्जा आहे. फार्महाऊसवाले आपल्या उघड्या लाकडी जमिनीला ‘डेक’ म्हणतात. नाव काहीही असो, उघड्यावरच्या लाकडाला लागणारी देखभाल एकच. थंड देशांत अशा लाकडाला बर्फापासून जपावे लागते. आपल्याकडे घात करतो तो पाऊस. रायगडात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्याने केलेली नासधूस भरून काढायचे दिवस म्हणजे थंडीचे.

लाकूड पावसाळ्यात ओलावा घेऊन फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. आकसताना चिरा पडतात, खिळे सैल होतात. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर त्याला कुजवणारी बुरशी वाढत नाही. म्हणून डिसेंबर-जानेवारीत हे काम हाती घ्यावे.

आधी फटींतला पाला-कचरा काढा. पाणी तिथेच साचते. मग दाभण घेऊन तुळयांची टोके टोचून पाहा. भिंतीत शिरलेले टोक सर्वांत आधी कुजते. दाभण सहज आत गेले तर रंग लावून झाकू नका, सुताराला बोलवा. बारीक भोकांतून भुकटी पडत असेल तर कीड आहे. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी.

लाकूड शाबूत असेल तर त्यावर पाण्याचे दोन थेंब टाका. थेंब तसेच राहिले तर तेल शिल्लक आहे. लगेच जिरले तर काचकागद मारून बेलतेलाचा पातळ हात द्या, जादा तेल पुसून घ्या. फळ्यांच्या टोकांना दोनदा द्या, कारण पाणी तिथूनच जास्त शिरते. तेलाच्या चिंध्या मात्र बोळा करून टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवून मगच फेका.

हे सारे आम्ही आग्रहाने सांगतो त्याला कारण आहे. आजोबांच्या वेळचे घर आज चार भावांच्या नावावर असते. खोल्या वाटल्या जातात, सज्जा सामाईक राहतो. जे सगळ्यांचे, त्याच्या खर्चाला कोणीच पुढे येत नाही. आणि हेच दिवस लग्नांचे. वरात आली की बायका-मुले त्याच सज्ज्यात दाटीने उभी राहतात, मुले कठड्यावर रेलतात. एरवी दोघांचा भार पेलणाऱ्या तुळईवर त्या रात्री वीस जण असतात.

म्हणून भावांनी एकत्र बसून वर्गणी काढावी आणि लग्नाची तारीख ठरण्याआधी सज्जा तपासून घ्यावा. सुतार ‘धोका आहे’ म्हणाला तर दुरुस्ती होईपर्यंत सज्ज्याच्या दाराला कुलूप लावा. पाहुणे रुसले तरी चालतील.