शिक्का पुसला, पत्ता मिळाला नाही

अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत हा अवर्षणप्रवण माळरानांचा तालुका. याच तालुक्यात रेहेकुरी येथे १९८० मध्ये काळविटांसाठी अभयारण्य घोषित झाले. क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर. काळवीट वाचवण्याच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता. मात्र अशाच माळांवर फास लावून हरणे आणि तितर धरणाऱ्या फासेपारधी समाजाने पुढे कशावर जगायचे, हा प्रश्न कोणी विचारला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार हा गुन्हा ठरवला. शिकाऱ्याच्या पुनर्वसनाची जबाबदारी मात्र कोणत्याच खात्याकडे आली नाही.

गुन्हेगारीचा शिक्का त्याहून जुना आहे. ब्रिटिश सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात नेली. जमातीत जन्म झाला, एवढाच अपराध पुरेसा होता. नोंदणी, हजेरी, परवानगीखेरीज गाव सोडण्यास मनाई आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातील वसाहत असा तो बंदोबस्त होता. मुलांना आईबापांपासून तोडून सुधारशाळांत ठेवण्याची तरतूदही त्यात होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला, तरी मुंबई राज्याने १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा केलाच. कागदावर आता जमातीऐवजी व्यक्ती आली, पण संशयाची नजर जमातीवरच राहिली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तुरुंगांतील जातिभेदावर निकाल देताना विमुक्त जमातींच्या व्यक्तींना मनमानीपणे अटक होऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाला पोलिसांना बजावावे लागले. ७२ वर्षांनंतरही असा आदेश द्यावा लागणे पुरेसे बोलके आहे.

कल्याणकारी योजनांची कमतरता आहे, असे नाही. खरी अडचण त्यांच्या रचनेत आहे. फासेपारधी अनुसूचित जमातीत मोडतात, तर पाल पारधी आणि राज पारधी विमुक्त जातींच्या यादीत. आदिवासी विकासाची यंत्रणा प्रामुख्याने प्रदेशाला बांधलेली आहे. या जिल्ह्याचे आदिवासी प्रकल्प कार्यालय महादेव कोळी आणि ठाकर यांची वस्ती असलेल्या अकोले तालुक्यात, राजूरला आहे. कर्जत पडले जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. दोन-चार पालांच्या विखुरलेल्या वस्त्या अशा प्रदेशनिष्ठ आराखड्यात सहज निसटतात.

दुसरा अडसर दाखल्यांचा. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी १९५० पूर्वीच्या, तर विमुक्त जातींसाठी १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्यांना एका जागी राहू दिले गेले नाही, त्यांच्याकडेच जुन्या रहिवासाचा कागद मागणे हा अन्यायाचा दुसरा फेरा होय. दाखला नाही म्हणून योजना नाही, आणि घराखाली जमीन नाही म्हणून घरकुलही नाही. अनेक कुटुंबे गायरानात राहतात. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ च्या निकालात गायरानांवरील अतिक्रमणे हटवण्यास सांगितले. मात्र भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी अपवादाची वाटही त्यातच मोकळी ठेवली. निष्कासनाची नोटीस निघते तेव्हा या अपवादाची आठवण सहसा होत नाही.

ऑस्ट्रेलियात आदिवासी मुलांना कुटुंबांपासून तोडल्याबद्दल पंतप्रधान केव्हिन रुड यांनी १३ फेब्रुवारी २००८ रोजी संसदेत माफी मागितली. तरी २०२३ मध्ये तेथील मतदारांनी आदिवासींना राज्यघटनेत स्थान देणारा प्रस्ताव फेटाळला. माफीने अन्यायाची कबुली मिळते, अधिकार मिळतोच असे नाही. आपल्याकडे तर तशी कबुलीही झालेली नाही. रेणके आयोगाने २००८ मध्ये आणि इदाते आयोगाने त्यानंतर दशकभराने अहवाल दिले. २०१९ मध्ये केंद्राने कल्याण मंडळ नेमले. आता आणखी एका अहवालाची गरज नाही.

कर्जतपुरता विचार केला, तर काम मोजके आहे. महसूल यंत्रणेने पालांची गावनिहाय नोंद करावी, गायरानातील अपवादाचा उपयोग करून राहत्या जागेचे पट्टे द्यावेत आणि वस्तीवरच चौकशी करून दाखले द्यावेत. शिधापत्रिका, शाळा, घरकुल हे सारे त्यानंतरचे आहे. सव्वादोन चौरस किलोमीटरचे माळरान काळविटांसाठी राखता आले. काही गुंठे घरांसाठी राखणे प्रशासनाला अशक्य नाही.