काट्याचं नाव

गेल्या महिन्यात बाजारच्या दिवशी निपाणीहून अप्पांचा फोन आला. "अरे, काट्यावर वजन दिसतंय, पण कॉम्प्युटरवर शून्य. प्रिंटर पण गप्प. हातानं बिलं करतोय, तर गिऱ्हाइकं काट्याकडंच बघायला लागलीत." यातलं शेवटचं वाक्य महत्त्वाचं. किराणा दुकानात वजनावर संशय आला की संपलंच.

संध्याकाळी बेळगावहून निघालो. दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स मीच घालून दिलंय, म्हणजे दोषही माझ्याच गळ्यात.

यूएसबीची वायर खोचली की कर्नल त्या वस्तूला विचारतो, "कुणाचा रे तू?" ती दोन आकडे सांगते, एक कंपनीचा, एक मालाचा. यादीत ते आकडे सापडले की त्यांचा ड्रायव्हर आपोआप चढतो. मग नाव मिळतं. आधी ओळखला गेला तो टीटीवाय-यूएसबी-०, नंतरचा १. दुपारी वीज गेली, कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला आणि प्रिंटरचा नंबर आधी लागला. बिलाचा प्रोग्राम बिचारा प्रिंटरला वजन विचारत बसला!

नाव पक्कं करायचं तर यूडेवला सांगावं लागतं. हा प्रोग्राम २००३ चा, ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी सुरू केलेला. त्याआधी लिनक्समध्ये असतील-नसतील त्या वस्तूंच्या हजारो फाइली आधीच करून ठेवत, लग्नाला न येणाऱ्यांचीही पानं मांडल्यासारख्या. यूडेवच्या रूल्स-डी फोल्डरमध्ये एक ओळ लिहायची : अमुक आकड्यांची वस्तू दिसली की तिला 'काटा' म्हण.

इथंच अडलो. काट्याला आणि प्रिंटरला मी एकाच दुकानातून दोन स्वस्त कन्व्हर्टर आणले होते. दोघांचे आकडे तेच, १ए८६ आणि ७५२३. सिरियल नंबर तर दोघांनाही नाही. जुळी भावंडं, आणि दोघांची हाक एकच! शेवटी यूडेवअॅडमनं कोण कुठल्या भोकात बसलाय ते पाहिलं आणि भोकावरूनच नावं दिली. कॉम्प्युटर चार वेळा बंद-चालू केला. काटा काटाच राहिला.

अप्पा हे सगळं बघत होते. म्हणाले, "आणि झाडताना वायर निघाली, मी दुसऱ्या भोकात घातली तर?"

आईची लाल नेलपॉलिश आणून काट्याच्या भोकावर आणि वायरीवर एकेक ठिपका दिला.